पेटीवरचं सासर

आमच्या खोलीत आम्ही चौघी होतो आणि बोलणारी एकच होती.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. वाशीमला शिक्षिकांचं दोन वर्षांचं ट्रेनिंग होतं. जिल्हा तेव्हा अकोला. वसतिगृह म्हणजे भाड्याने घेतलेल्या घराच्या एका ओळीतल्या चार खोल्या आणि मागे विहीर. आमची खोली शेवटची. ती कशी भरली हे सांगितलं की निम्मी गोष्ट सांगून होते. सगळ्यांत मोठी मंगरूळपीरची, शिंप्याच्या घरची, मुसलमान. नवरा वारल्यावर तिशी ओलांडून शिकायला आली होती. तिला सगळ्या आपा म्हणायच्या. दुसरी मी, आसेगावची, बौद्धाघरची. आम्हा दोघींच्या खोलीत यायचं म्हटलं की बाकीच्या पोरींना एकाएकी अडचणी सुचायच्या. कुणाला तिथे वारा लागायचा, कुणाला उजेड पुरायचा नाही. मग किन्हीराजाची आली, कारण उरलेल्या तिन्ही खोल्यांनी तिला बडबडीपायी हाकललं होतं. आणि मानोऱ्याची आली, कारण तिला विचारलं तेव्हा ती 'नाही' म्हणाली नाही. ती कशालाच काही म्हणत नसे.

वसतिगृहात गाव हेच नाव. आसेगाववाली, मानोऱ्यावाली, अशाच हाका. त्यांची खरी नावं मला आठवतात, पण ती लिहिली तर त्या मलाच परक्या वाटतील. म्हणून राहू देते.

किन्हीराजाचीच्या तोंडाचा पट्टा डोळे उघडल्याबरोबर सुरू व्हायचा. राखुंडीचं बोट तोंडात असतानाही ती बोलायची. पण नुसतं जास्त बोलणं ही काही तिची खोड नव्हती. जास्त बोलणारी माणसं वऱ्हाडात पायलीची पन्नास मिळतील. तिची खोड अशी की ती दुसऱ्याचं बोलायची. आपण वाक्य सुरू करावं आणि हिने ते पुरं करावं. रेक्टरबाईंनी मला विचारलं, उशीर का झाला, तर माझ्या आधी ही उत्तर द्यायची, आणि माझ्यापेक्षा चांगलं द्यायची. सरावाचा पाठ घेताना पोरांना प्रश्न विचारायची आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळी व्हायची. मनात वाईट काही नसायचं. समोरचा माणूस बोलायला थांबला की तिला वाटायचं तो अडला आहे, आणि अडल्याला हात द्यावा तशी ती शब्द द्यायची.

मानोऱ्याचीची तऱ्हा उलटी. तिचं लग्न लहानपणीच झालेलं. वर्षभर नांदली आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. कारण काय, तर सून बोलत नाही. जगात सुना बोलतात म्हणून सासवा रडतात, हिची सासू हिच्या न बोलण्यावर रडली! खरं कारण तिने एकदा आपाला सांगितलं. सुरुवातीला ती बोलायची. भाजीत मीठ टाकलं का, एवढंच विचारलं तर 'आमच्या घरचं मीठ काढते' असं होऊन ते परत यायचं. जे बोलावं ते उलटं फिरून अंगावर यायचं. "मंग मी बोलनंच सोडून देल्लं," ती म्हणाली. हे सांगायलाही तिला अर्धी दुपार लागली. मामाने हट्ट धरला म्हणून ती ट्रेनिंगला आली होती, आणि अभ्यासात आमच्या सगळ्यांच्या पुढे होती.

तर आमचा खेळ. तो आपाचा. रविवारी दुपारी साड्या वाळत घालून झाल्या की आपा तिची पत्र्याची पेटी खोलीच्या मधोमध ओढायची आणि झाकणावर खडूने घर काढायची. इथे चूल, इथे न्हाणी, इथे गोठा, बाहेर विहीर. शिंप्याची लेक, तिच्याजवळ बटणांचा डबा होता. कोटाचं मोठं काळं बटण म्हणजे सासू, शिंपल्याचं पांढरं म्हणजे सून, पितळी म्हणजे सासरा. नणंद, शेजारीण, दीर यांचीही बटणं होती. आणि पाच चिंचोके, एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले. लहान पोरी चूल-बोळकी खेळतात ना, तीच आपाने मोठ्या बायांसाठी केली होती. ती संकट सांगायची. "आज घरात पीठ नाई, सासू बजारात गेली, आन् दारात पाव्हने आले." मग जिच्या हातात जे बटण, तिने त्या माणसासारखं बोलायचं, काय करणार ते सांगायचं, बटण पेटीवर सरकवायचं आणि चिंचोके टाकायचे. पांढरे जास्त पडले तर जमलं, काळे जास्त पडले तर फसलं. कसं जमलं आणि कसं फसलं ते आपा सांगणार, आणि ती असं सांगायची की पेटीवरच्या खडूच्या चुलीचा धूर डोळ्यांत जावा.

आम्ही त्याला 'पेटीवरचं सासर' म्हणायचो. मला सासू व्हायला फार आवडायचं. माझा स्वभाव त्या बटणाला शोभायचा.

किन्हीराजाची कुणीही झाली तरी घरात दुसरं माणूस उरत नसे. ती पाहुण्यांची दुपार मला अजून आठवते. तिच्याकडे नणंदेचं बटण होतं, पांढरं बटण मानोऱ्याचीकडे. मानोऱ्याचीने ते उचललं, ओठ हलले, आता ती बोलणार तोच किन्हीराजाची सुटली. "ती म्हनते, शेजारनीकडून पीठ आनतो. शेजारीन म्हनते, कालच तर नेलं व! मंग सासरा खाकरते. आन् पाव्हन्यातला एक जन म्हनते, राहू द्या, आमी जेवून आलो, पन खोटं बोलून राह्यला तो, पोटात कावळे वरडून राह्यले त्याच्या!" सून तीच, शेजारीण तीच, सासरा तीच, पाहुणा तीच, आणि पाहुण्याच्या पोटातले कावळेही तीच. आम्हाला हसू यायचं, हीच तर पंचाईत होती. हसून डोळे पुसले तेव्हा मानोऱ्याचीने पांढरं बटण पेटीवर मुकाट ठेवून दिलं होतं.

माझा राग तेव्हा नाकावरच असायचा. अजूनही तो फार लांब गेलेला नाही. मी नियम केला की पाळी नसताना जी बोलेल तिचं बटण जप्त. किन्हीराजाची त्या नियमावरच बोलू लागली. "नियम कोनं केला? आपानं केला का? आन् पाळी कोनाची, हे ठरवाले तरी बोलाच लागन ना?" ती सबंध दुपार नियमातच गेली, पेटीवरची चूल पेटलीच नाही. पुढच्या रविवारी मी तिला सरळ सांगितलं, "तुझ्या जिभेले हाड नाई. तू खेळूच नको." तिने माझ्याकडे पाहिलं, धुण्याची बादली उचलली आणि विहिरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली.

मग आम्ही तिघी खेळलो. आपाने संकट सांगितलं, बैल सुटून गेला. मी सासू म्हणून दोन शब्द ओरडले. आपा विचारायची, चिंचोके पडायचे, आपा सांगायची. तपासणीच्या दिवशी वर्ग बसतो तसा खेळ बसला. मानोऱ्याचीच्या मुठीत बटण होतं, ते मुठीतच राहिलं. आणि एकदम ती बोलली.

"तिले बोलवा."

"कोनाले?" मी विचारलं.

"तिले. ती असली का मले सुचते काय बोलाचं ते. मंग ती बोलून टाकते, ते अलग."

आपाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात नेहमीसारखं काहीतरी शिवण होतं. "आयकलं? बोलनं बुरं नाई, बाई. बोलन्याले जागा बुरी भेटली," ती म्हणाली, सुई कापडात खोचली आणि विहिरीकडे गेली. मी दारातून पाहत होते. मला वाटलं आता आपा समजूत काढेल, नाही तर कान उपटेल. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. किन्हीराजाची एकटीच ओली साडी पिळायला झटत होती, आपाने दुसरं टोक धरलं आणि उलट्या बाजूने पीळ द्यायला लागली. पाणी निथळताना तिने सहज विचारलं, "दुसऱ्याचं बोलनं तुले कोनं शिकोलं?"

किन्हीराजाची फुगलेलीच होती, पण प्रश्न विचारल्यावर उत्तर न देणं तिला जमणार कसं? तिचा आजा बहिरा होता. ठार बहिरा. चालायला लागल्यापासून ही त्याच्याजवळ बसायची. घरातल्यांनी हिला सांगायचं, हिने त्याच्या कानाशी ओरडायचं. आणि आज्याला काय म्हणायचं आहे तेही हीच सगळ्यांना सांगायची. "तो तोंड उघडे आन् मले मालूमच राहे काय म्हनते ते. मंग मीच सांगून टाको. तेवढाच त्याच्या जिवाले आराम." आजा ती सातवीत असताना वारला. बोलण्याची सवय उरली.

आपाने साडी दोरीवर टाकली. पुढच्या रविवारी तिने घर काढलं, बटणं वाटली आणि पितळी बटण किन्हीराजाचीच्या हातावर ठेवलं.

"तू सासरा. सासरा बहिरा हाये. कोनी मोठ्यानं सांगितल्याबिगर त्याले काही समजत नाई, आन् समजल्याबिगर तो काही ठरवत नाई. साऱ्या घराचं त्याच्याच होकारानं चालते."

मला वाटलं आता ही पेटीच उलथणार. तिने बटण तळहातावर एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं. मग ती मांडी बदलून बसली, आणि बसल्याबसल्या आमच्यासमोर म्हातारी झाली. हनुवटी वर गेली. उजवा पंजा कानामागे आला. डोळे बोलणाऱ्याच्या ओठांवर खिळले. "बोला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मी तिच्यावर इतकी चिडलेली होते, तरी माझ्या अंगावर काटा आला.

आपाने संकट सांगितलं. सुनेची माय आजारी आहे, निरोप आला आहे, माहेरी जाऊ का हे सासऱ्याला विचारायचं आहे. पांढरं बटण मानोऱ्याचीकडे होतं. ती पुटपुटली.

"आँ?" सासरा म्हणाला.

ती पुन्हा पुटपुटली.

"मोठ्यानं बोल व माय. कान गेले माहे."

मी मानोऱ्याचीकडे पाहत नव्हते, किन्हीराजाचीकडे पाहत होते. तिला ते वाक्य येत होतं. तिने ते चार तऱ्हांनी बोलून दाखवलं असतं, मायच्या आजाराचं नाव सांगितलं असतं, वैद्यालाही आत आणलं असतं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. एक हात कानामागे होता आणि दुसऱ्या हाताने ती स्वतःच्याच मांडीला चिमटा घेत होती. पण डोळे हलले नाहीत. ती थांबली. मानोऱ्याचीने आमच्याकडे पाहिलं, आपाने शिवणात मान घातली. बोलायला दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

"माही माय आजारी हाये!" मानोऱ्याची ओरडली. "मले जाऊ द्या!"

विहिरीवरच्या बाया वळून पाहू लागल्या. रेक्टरबाई चष्मा सावरत आल्या, "कोण आजारी आहे?" म्हणून. किन्हीराजाची मात्र अजून सासराच होती. ती मानोऱ्याचीला म्हणाली, "जाय, बाई. आन् मायले बरं वाटेस्तोवर येऊ नको." त्या दिवशी चिंचोके टाकायचं राहूनच गेलं.

रेक्टरबाई गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. किन्हीराजाची हसता हसता थांबली आणि हातातल्या बटणाकडे पाहत म्हणाली, "माहा आजा असाच बसून राहे. मले वाटे, त्याले आराम देतो मी. पन मी त्याले बोलूच देल्लं नाई व." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला धीर द्यायला मला शब्द सापडले नाहीत, आणि माझ्यासाठी ते शोधून देणारी तर तीच होती.

तेव्हापासून पेटीवर ती कायम सासरा. स्वभावाला औषध नसतं, बाकी आठवडाभर तिचा पट्टा होता तसाच होता. रविवारी मात्र ती कान होऊन बसायची. गप्प बसायची असं नाही. 'आँ?', 'काहून?', 'कोन म्हनलं?', 'आन् मंग?' तिच्या सगळ्या बोलण्याचे प्रश्न झाले होते, आणि त्या प्रश्नांपुढे मानोऱ्याचीला उत्तर दिल्यावाचून सुटका नव्हती. तिचा आवाज रविवारागणिक चढत गेला. आपाने कुणाला गप्प केलं नव्हतं की कुणाला बोल म्हटलं नव्हतं. फक्त दोघींच्या हातातली बटणं बदलली होती. पुढे मी नोकरीभर बडबडी पोरं सांभाळली, त्यात माझं स्वतःचं डोकं फारसं नव्हतं, हे आपाचंच चालवलं.

दिवाळीची सुट्टी जवळ आली आणि मानोऱ्याहून निरोप आला. सासरची मंडळी बैठकीला येणार होती. सून न्यायला. मास्तरीण होणार हा वास त्यांच्यापर्यंत पोचला असावा, न बोलणारी सून आता त्यांना चालणार होती. मानोऱ्याची भिंतीला टेकून बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

अशा बैठकीची आमच्याकडे एक रीत होती. सगळं पुरुषांत ठरायचं, पण शेवटी पोरीला विचारायचं. ती दाराआड उभी असायची. एकदाच विचारायचं. ती काही बोलली नाही तर तो होकार, साडी द्यायची आणि त्याच दिवशी पाठवणी. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे पोरीच्या बापाच्या शब्दावर भरवसा नाही असं व्हायचं, म्हणून दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे. तिची परीक्षा उन्हाळ्यात होती. सासरी गेलेली पोर पुन्हा वसतिगृहात आलेली मी तरी पाहिली नव्हती. बाप भला माणूस, पण चारचौघांत मान हलवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. सगळं तिच्या एका वाक्यावर होतं, आणि ते वाक्य बोलायला तिला एकच संधी होती.

आपाने पेटीवर बैठक मांडली. चिंचोके मी पुढे केले तर तिने ते बाजूला सारले. "याचे चिंचोके टाकाचे नसतात," म्हणाली. वाक्य ठरलं, परीक्षा झाल्याबिगर येनार नाई. बहिऱ्या सासऱ्यासमोर मानोऱ्याचीने ते इतक्यांदा म्हटलं की शेजारच्या खोलीतल्या पोरींनाही ते पाठ झालं.

"संगं कोनीतरी जावं तिच्या," आपा म्हणाली. "किन्हीराजावाली जाईन."

मी भडकले. "आपा, ही? हिच्या तोंडात तीळ भिजत नाई! ही तिथं बोलली का सगळं मुसळ केरात. ते म्हनतीन, मैतरनींनी फूस लावली."

"मंग तूबी जाय. पन तिले जाऊ दे."

"मी बोलत नाई," किन्हीराजाची म्हणाली. या शब्दावर कुणाचाच विश्वास बसला नाही, तिचाही बसला नसावा.

सुट्टी लागली तशी आम्ही एसटीने निघालो. किन्हीराजाचीचं गाव भलतीकडे, तरी ती आली. आपा मंगरूळपीरला उतरली. खाली उभी राहून तिने खिडकीतून हात घातला आणि किन्हीराजाचीच्या डोक्यावर ठेवला. मानोऱ्याचीशी ती काहीच बोलली नाही, याचं मला नवल वाटलं.

बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी होती. घर साधं, मातीचं, ओसरीत कापसाचा ढीग. मी उंबऱ्यापाशीच टेकणार होते, तर मानोऱ्याचीच्या मायने हाताला धरून आत नेलं आणि चुलीजवळ पाट दिला. मला त्या बाईचा तो हात विसरता येत नाही. किन्हीराजाची तोवर सगळ्यांची होऊन गेली होती. सासरच्या मंडळींना पाणी द्यायला गेली ती त्यांच्या बैलांची चौकशी करून, त्यांच्याकडे तूर कशी आहे ते ऐकून, मामाच्या गुडघ्यावर उपाय सांगूनच परत आली. मी कपाळावर हात मारला.

पुरुष ओसरीत सतरंजीवर बसले, तशी मी चुलीजवळून उठून दाराशी आले. इकडून बाप आणि मामा, तिकडून सासरा, नवरा आणि नवऱ्याचा मोठा चुलता. बोलणारा चुलताच होता. नवरा पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. चुलता म्हणाला, झालं गेलं, घरची लक्ष्मी घरी न्यायला आलो. बापाने मान हलवली. मामा काही बोलू पाहत होता, त्याला चुलत्याने हाताने थांबवलं. "पोरीले विचारून घ्या, रीत हाये."

बाप दाराकडे वळला. "काय व बाई, जाशीन ना?"

प्रश्नातच उत्तर होतं. मानोऱ्याची दाराआड कडी धरून उभी होती, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. पेटीवरच्या इतक्या साऱ्या दुपारी कुठे गेल्या कोण जाणे, ती पहिल्या दिवसासारखी उभी होती. बाहेर कुणीतरी घसा साफ केला. एकदा विचारून झालं होतं.

चुलता खुशीत होता. त्याची नजर दारातल्या किन्हीराजाचीवर गेली. "हे बोलकी मैतरीन हाये ना तिची. इलेच विचारा, इले सारं मालूम असन! सांग व बाई, काय हाये तिच्या मनात? येते ना ते?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिने ते वाक्य आम्हा कुणाहीपेक्षा जास्त वेळा ऐकलं होतं. ती बोलली असती तर ऐकणाऱ्याने मान डोलवावी असं बोलली असती, आणि ते सगळं फुकट गेलं असतं, कारण ते हिचं बोलणं ठरलं असतं. तिचं तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले.

"मले कायले विचारता?" मला ऐकू आलं. "तिले विचारा."

मी डोळे उघडले तेव्हा तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता.

चुलता हसला. दुसरं कुणी हसलं नाही. रीत त्यानेच मोडली होती, विचारून झालेलं त्यानेच पुन्हा विचारलं होतं, आणि आता तो प्रश्न सतरंजीवर तसाच पडला होता. बापाने किन्हीराजाचीकडे पाहिलं, मग दाराकडे. या वेळी त्याने वेगळं विचारलं. "सांग बाई, तू काय म्हनतं?"

मानोऱ्याचीने कडी सोडली आणि ती दारातून बाहेर आली. तिला एकाच आवाजात बोलता येत होतं, आमच्या पेटीवर शिकली त्या आवाजात. त्याच आवाजात ती एवढ्याशा ओसरीत बोलली. "मी परीक्षा देनार हाये! परीक्षा झाल्याबिगर येनार नाई!"

गोठ्यातल्या बैलांनी माना वर केल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. इथपर्यंतच आमचं शिकवणं होतं, ती आता आत येईल म्हणून मी बाजूलाही सरकले. ती आली नाही. तिने श्वास घेतला आणि साध्या, खालच्या आवाजात, कुणी शिकवलं नव्हतं ते म्हणाली.

"आन् परीक्षा झाल्यावर येतो का नाई, तेबी मलेच विचारा. बाबाले नका विचारू."

चुलत्याने बापाकडे पाहिलं. बाप सतरंजीचा दोरा ओढत होता. मान न उचलता तो म्हणाला, "आयकलं ना तुमी." नवऱ्याने पहिल्यांदाच डोळे वर करून बायकोकडे पाहिलं. मग चहा आला, तो सगळ्यांनी प्यायला, आणि सासरची मंडळी सून न घेता बैलगाडीत बसली.

किन्हीराजाची दारातच उभी होती. पदर अजून तोंडात होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तो बोळा ओढून काढला आणि तिला घट्ट मिठी मारली. हिला खेळातून हाकलायला निघालेली मीच, आणि त्या दुपारी मला तिच्याइतका अभिमान दुसऱ्या कुणाचा वाटला नाही. माणसाला येत असलेलं न बोलणं किती कठीण असतं ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

मानोऱ्याची परीक्षेत पहिली आली आणि तिला शाळा मिळाली. ही गोष्ट सांगितली की कुणीतरी हटकून मला विचारतंच, मग ती सासरी गेली का हो? मला ठाऊक आहे, पण मी सांगत नाही. ती अजून आहे, तिचं घर सापडायला सोपं आहे. तिला विचारा.